दुसरी प्रत

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात ध्वनिमुद्रिकांच्या चळती उपसण्यात ज्यांच्या सुट्ट्या गेल्या आहेत, त्यांच्या परिचयाची ही गोष्ट आहे की, एकाच चळतीत, एकाच धुळीखाली, सारख्याच आकाराच्या आणि सारख्याच काळ्या रंगाच्या दोन तबकड्या एकमेकींना खेटून पडलेल्या असतात. त्यांपैकी एक दुकानदार चहापाण्याच्या पैशांत देऊन टाकतो आणि दुसरीसाठी जाणता ग्राहक महिन्याचा पगार मोजावयासही मागेपुढे पाहत नाही. हा भेद गायनाच्या श्रेष्ठतेचा असता तर त्यात विचार करण्याजोगे फारसे उरले नसते. पण तो तसा नसतो. बालगंधर्वांच्या लोकप्रिय पदांच्या तबकड्या इतक्या निघाल्या आणि इतक्या घरांतून त्या मायेने जपल्या गेल्या की, आजही त्या मिळणे अशक्य झालेले नाही. उलट ज्याचे नाव त्याच्या हयातीतही चार गावांपलीकडे गेले नसेल अशा एखाद्या गायकाची तबकडी, तिच्या सोबतीच्या सगळ्या नाहीशा झाल्या एवढ्याच कारणाने, लिलावात चढत्या बोलीने जाते. म्हणजे येथे किंमत मोजली जाते ती दुर्मिळतेची. आणि दुर्मिळता हा त्या वस्तूचा गुण म्हणावा की तिच्याभोवतीच्या जगाचा दोष म्हणावा, हा प्रश्न एकदा मनात उभा राहिला म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रिकांची खरेदी-विक्री हा नुसत्या शौकाचा किंवा व्यापाराचा विषय राहत नाही. मालकी, आसक्ती आणि सत्य यांच्याविषयी आपल्या शास्त्रकारांनी जे चिंतन केले त्याच्या कक्षेत तो येऊन पडतो.

ध्वनिमुद्रिका ही जन्मतः अनेक असते. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यास गौहरजानचे गायन मुद्रित केले, तेव्हा ज्या मेणाच्या थाळीवर तिचा आवाज कोरला गेला ती थाळी जर्मनीतील हॅनोव्हर येथे रवाना झाली. तेथे तिच्यावरून धातूचा साचा तयार झाला. आणि त्या साच्याखाली लाखेच्या मिश्रणाचा तापवलेला गोळा दाबून एकीसारखी दुसरी, दुसरीसारखी तिसरी अशा तबकड्या निघून त्या आगबोटीने हिंदुस्थानात परत आल्या. गाणे संपताना गौहरजान स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारते, ते परक्या देशातील कारागिरांना लेबल लावताना चूक होऊ नये म्हणून, असे सांगतात. १९०८ साली कलकत्त्यातच सियालदह येथे कारखाना निघाला आणि हा समुद्रप्रवास थांबला, पण रीत तीच राहिली. हस्तलिखित पोथी एकटी जन्मास येते. तिची नक्कल करणारा लेखक कितीही सावध असला तरी नकलेत त्याचा हात उतरतोच. तबकडीचे तसे नाही. एका साच्यातून निघालेल्या हजार तबकड्यांत मूळ कोणती आणि नक्कल कोणती हे विचारण्यास जागाच नसते. प्रत्येकीत तेच गाणे आणि तोच श्वास पूर्णांशाने असतो. अशी वस्तू दुर्मिळ होते ती स्वभावाने नव्हे. ती तशी केली जाते.

कोणी केली? आपण सर्वांनी मिळून केली. घरातील किल्लीचा फोनो बिघडला आणि तो दुरुस्त करणारा गावात उरला नाही, म्हणून तबकड्या माळ्यावर गेल्या. माळ्यावरून घर बदलताना भंगारवाल्याकडे गेल्या. मुलांच्या हाती खेळावयास गेल्या आणि फुटल्या, कारण लाखेची तबकडी हातातून निसटली की तिचे तुकडेच होतात. महायुद्धाच्या काळात लाखेची टंचाई झाली, तेव्हा १९४२ साली अमेरिकेच्या सरकारने तबकड्यांसाठी मिळणाऱ्या लाखेवर कडक नियंत्रण आणले आणि जुन्या तबकड्या नव्या घडविण्यासाठी परत गोळा केल्या जाऊ लागल्या. एक गाणे वितळवून दुसरे गाणे करावयाचे, अशी ती वेळ होती. पुढे १९४८ साली तेथील कोलंबिया कंपनीने विनाइलची, मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेणारी दीर्घ वादनाची तबकडी काढली. जिथे तीन-सव्वातीन मिनिटांत राग आटोपावा लागे तिथे आता वीसवीस मिनिटांची मोकळीक मिळाली, आणि तो लाभ मोठाच होता; पण त्या लाभाबरोबर मागची सारी पिढी अडगळ ठरली. तेव्हा एखाद्या दुर्मिळ तबकडीसाठी ग्राहक जी जबर रक्कम मोजतो ती, नीट पाहिले तर, तिच्या नष्ट झालेल्या भगिनींच्या खात्यावरची रक्कम असते. समाजाने जे गमावले त्याचा जमाखर्च एका कागदावर मांडला, तर गमावल्याची बाजू जितकी वाढत जाते तितका उरलेल्या एका वस्तूचा भाव चढत जातो. या व्यवहारात पाप आहे असे मी म्हणत नाही. परंतु ज्याच्या नफ्याचे मूळ सार्वजनिक हानीत आहे तो त्या हानीचे काही देणे लागतो, इतके मला निश्चित वाटते.

आता ग्राहकाच्या पदरात नेमके काय पडते ते पाहू. गौहरजानचा आवाज पडतो काय? या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे फार जुनी आहे, जरी ती ध्वनिमुद्रिकेसाठी झालेली नसली. नैयायिक म्हणतात, शब्द उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. तो आकाशाचा गुण आहे, क्षणिक आहे. मीमांसक म्हणतात, शब्द नित्य आहे. आपण उच्चार करतो तेव्हा तो निर्माण होत नाही, फक्त प्रकट होतो, आणि कानावर पडणारा ध्वनी हा त्याचा व्यंजक मात्र असतो. मीमांसकांचा सिद्धांत वर्णात्मक शब्दापुरता, मुख्यतः वेदाच्या प्रामाण्यासाठी मांडलेला आहे, गायनातील स्वराला तो जसाच्या तसा लावणे शास्त्रशुद्ध होणार नाही, याची मला जाणीव आहे. तरीही दोन्ही पक्ष समोर ठेवून पाहिले म्हणजे एक गोष्ट उघड होते. नैयायिकांचे खरे मानावे, तर गौहरजानचा तो आवाज १९०२ सालीच त्या खोलीत उमटून विरला. सुई फिरते तेव्हा उमटतो तो नवा ध्वनी, आणि तोही उमटताक्षणी विरतो. मालकाजवळ राहते ते त्या ध्वनीचे केवळ एक निमित्तकारण. मीमांसकांची दृष्टी थोडी सैल करून स्वीकारावी, तर त्या गाण्यात जे नित्य आहे ते कोणाच्या कपाटात बंद होण्यासारखेच नाही. तबकडी हा त्याचा एक व्यंजक, आणि व्यंजक फुटला म्हणून व्यंग्य फुटत नाही. कोणत्याही बाजूने गेलो तरी खरेदीखत होते ते लाखेच्या चकतीचे. नादाचे खरेदीखत होऊच शकत नाही.

देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याच्याकडे राजदरबारच्या हिशेबाचे काम होते, आणि जमाखर्चाच्या वह्यांशी ज्याचा नित्याचा संबंध त्याच माणसाने नादाचे इतके विस्तृत शास्त्र लिहावे ही घटना मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आली आहे. तो अनाहत नादाला वंदन करतो, मुनिजन त्याची उपासना करतात हे मान्य करतो. पण तो नाद लोकांचे रंजन करीत नाही म्हणून आपण आहत नादाकडे, म्हणजे आघाताने, घर्षणाने उत्पन्न होणाऱ्या नादाकडे वळतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. आहत नाद म्हटला की आघात आला, आणि आघात आला की झीज आली. ग्रामोफोनच्या तबकडीत ही गोष्ट किती अक्षरशः खरी आहे! लाखेत दगडाची भुकटी मिसळलेली असे, ती पोलादी सुई घासून घासून खाचेच्या आकाराची करी; म्हणूनच एक बाजू वाजली की सुई बदलावी असा दंडक होता, आणि जिथे लोक काटकसरीने तीच सुई पुन्हापुन्हा वापरीत तिथे ती सुई खाचच खरडून काढी. ऐकणे म्हणजे थोडेथोडे पुसणे, असा तो करार होता. ज्या तबकड्यांवर लोकांनी सर्वांत अधिक प्रेम केले त्याच आज सर्वांत अधिक खरखरतात. आणि बाजारात सर्वांत चढा भाव कोणाला? जी कधी कोणी वाजविलीच नाही तिला. विनाइलच्या तबकड्यांच्या बाबतीत तर कारखान्यातून आलेले वेष्टनही न फोडलेली प्रत वेगळ्या भावाने विकली जाते. घेणाराही ते फोडीत नाही, कारण फोडले की पैसा उतरतो. गाण्यासाठी निर्माण झालेली वस्तू तिच्या मौनासाठी विकत घ्यावी आणि मौनातच ठेवावी, याहून दुःखद असे तिचे दुसरे प्राक्तन मला कल्पिता येत नाही. तुटलेल्या तबकडीने निदान कोणाला तरी कधी तरी आनंद दिलेला असतो.

पतंजलीच्या यमांत अपरिग्रह येतो. त्यावर भाष्य करताना व्यासांनी विषयांच्या ठायी पाच दोष पाहावयास सांगितले आहेत: मिळविण्याचा, राखण्याचा, क्षयाचा, आसक्तीचा आणि हिंसेचा. ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकाने हे भाष्य वाचले तर ते आपल्यालाच उद्देशून लिहिले आहे असे त्याला वाटावे. मिळविण्याची यातायात, उन्हापावसापासून आणि बुरशीपासून राखण्याची चिंता, दर वादनाबरोबर होणारा क्षय, एक मिळाली की दहा हव्याशा वाटणे, हे सर्व त्याच्या नित्याच्या अनुभवाचे आहे. हिंसा मात्र त्याला प्रथमदर्शनी दिसणार नाही. पण लाख ही एका सूक्ष्म कीटकाच्या शरीरातून स्रवते. छोटा नागपूरच्या रानांतील पळस-कुसुमाच्या फांद्यांवर हे कीटक कोट्यवधींच्या संख्येने वसतात, आणि फांदीवरची लाख खरवडून ती धुण्या-वितळविण्यात त्यांचा संहार होतो. जैन आचार्यांनी श्रावकाला वर्ज्य म्हणून जे पंधरा व्यवसाय सांगितले त्यांत लाक्षावाणिज्य, म्हणजे लाखेचा व्यापार, नावानिशी आलेला आहे. सूक्ष्मदृष्टी ती हीच. अब्दुल करीम खाँसाहेबांचा तो करुणेने भरलेला आवाज ज्या चकतीवर कोरला गेला त्या चकतीखाली अगणित जीवांचा अंत आहे, हे कळल्यावर ती चकती फेकून द्यावी असे मी म्हणणार नाही. जे प्राण गेले ते गेलेच आहेत. पण ती हाताळताना हात जरा अधिक जपून चालावा, आणि ती निष्कारण फुटू देणे हा दुहेरी अपराध मानावा, असे मला मनापासून वाटते.

मग अपरिग्रहाचे व्रत घेऊन सर्वांनीच हा संग्रह सोडून द्यावा काय? येथे मला साधा निवृत्तिपर उपदेश पुरत नाही. कारण वस्तुस्थिती अशी आहे की, परिग्रही माणसांनीच हे धन वाचविले. कंपन्यांना नफा संपल्यावर त्यात रस उरला नाही. संस्थानांची दप्तरे विसकटली. सरकारी अभिलेखागारांना तबकडी हा दस्तऐवज आहे हे फार उशिरा उमगले. त्या सगळ्या काळात कोणी कारकून, कोणी शिक्षक, कोणी दुकानदार आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून पैसे वाचवून रविवारी बाजारात जात राहिला. १९९० साली मुंबईत अशा मंडळींनी ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापिली आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक चालविले; ऑस्ट्रेलियातील मायकेल किनिअर यांनी १८९९ ते १९०८ पर्यंतच्या पहिल्या भारतीय ध्वनिमुद्रणांची तपशीलवार सूची ग्रंथरूपाने सिद्ध केली. जुन्या गायकांविषयी आज जे काही खात्रीने बोलता येते त्याचा फार मोठा भाग अशा लोकांच्या आसक्तीचे फळ आहे. आसक्ती निर्भेळ दोषरूप असती तर तिच्यातून हे निष्पन्न झाले नसते. तेव्हा प्रश्न असा उरतो की, एकाच प्रकारच्या दोन आसक्तींतून राखणारी कोणती आणि ग्रासणारी कोणती, हे ओळखावे कसे.

माझ्या मते त्याची एकच कसोटी आहे. ज्याच्याजवळ जगातील एकमेव समजली जाणारी तबकडी आहे त्याला एके दिवशी वार्ता यावी की, दूर कोठे तरी, कानपुरात म्हणा की कराचीत म्हणा, तिची दुसरी प्रत सापडली. त्या क्षणी त्याच्या अंतःकरणात काय उमटते? आनंद की विषाद? बाहेरून कोणी हे पाहू शकत नाही. त्याचे त्यालाच कळते. विषाद उमटला तर समजावे की त्याचे प्रेम गाण्यावर नव्हते, इतरांच्या वंचिततेवर होते. गाणे दुप्पट सुरक्षित झाले आणि तो मात्र निम्मा झाला. पतंजलीने चित्ताच्या प्रसादासाठी सांगितलेल्या चार भावनांत मुदिता आहे, दुसऱ्याच्या पुण्याने हर्षित होणे; साधकांच्या सांगण्याप्रमाणे ती करुणेहूनही कठीण आहे, कारण दुसऱ्याच्या दुःखाने कळवळणे सोपे, त्याच्या भाग्याने फुलणे दुष्कर. दुसऱ्या प्रतीची वार्ता ही संग्राहकाच्या मुदितेची परीक्षा आहे.

या परीक्षेत माणसे कशी उतरतात याचे दाखले आपल्या देशाबाहेरच्या विनाइलच्या बाजारात लख्ख सापडतात. इंग्लंडच्या उत्तर भागात सत्तरच्या दशकात ‘नॉर्दर्न सोल’ या नावाने ओळखला जाणारा नृत्यगृहांचा एक मोठा संप्रदाय होता. अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायकांची अपयशी ठरलेली, विस्मृत गाणी शोधून ती रात्रभर वाजवावयाची, हा त्यांचा छंद. या गाण्यांना त्यांनी नवे आयुष्य दिले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु तबकड्या वाजविणारे कित्येक जण मूळ लेबलावर दुसरा कागद चिकटवीत आणि गायकाचे खोटे नाव सांगत, हेतू हा की दुसऱ्याने ती प्रत शोधू नये. फ्रँक विल्सन या गायकाची १९६५ सालची एक तबकडी, जिच्या जवळजवळ सर्व प्रती विक्रीस येण्यापूर्वीच नष्ट करण्यात आल्या होत्या, विगनच्या प्रख्यात नृत्यगृहात एडी फॉस्टर या खोट्या नावाखाली वाजत असे. २००९ साली तिची एक प्रत पंचवीस हजार पौंडांहून अधिक किमतीस गेली. ज्या गायकाला जगाने आधीच एकदा विसरून टाकले होते त्याचे नाव, त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनीच, दुसऱ्यांदा पुसावे! अमेरिकेतील ‘वू-टँग क्लॅन’ या गायकसमूहाने तर त्याच्या पुढचे पाऊल टाकले. त्यांनी एका संपूर्ण गीतसंचाची एकच प्रत काढली, अठ्ठ्याऐंशी वर्षे तिचा व्यापारी प्रसार करू नये अशी अट घातली, आणि २०१५ साली ती वीस लाख डॉलरांना विकली गेल्याचे प्रसिद्ध झाले. घेणारा पुढे गुन्हेगार ठरला, सरकारने ती प्रत जप्त केली आणि २०२१ साली विकून टाकली. संगीताला चित्रासारखी प्रतिष्ठा मिळावी हा त्यांचा युक्तिवाद मी समजू शकतो. कलावंताची उपासमार आणि फुकट्या श्रवणाची सवय यांना दिलेले ते उत्तर होते. पण नकळत झालेली दुर्मिळता निदान निरागस असते. हेतुपुरस्सर घडविलेल्या दुर्मिळतेत गाण्याच्या जन्माबरोबरच त्याच्या श्रोत्यांना बाहेर उभे केलेले असते.

याच्या उलट १९५८ सालची लिव्हरपूलची गोष्ट घ्यावी. पुढे बीटल्स म्हणून जगविख्यात झालेल्या तरुणांपैकी तिघे आणि त्यांचे दोन सोबती यांनी पैसे गोळा करून पर्सी फिलिप्स याच्या घरगुती ध्वनिमुद्रणगृहात दोन गाण्यांची एकच तबकडी करून घेतली. पाचांनी ती आळीपाळीने घरी न्यावी असे ठरले, आणि ती त्यांच्यातील पियानोवादकाजवळ राहून गेली. १९८१ साली पॉल मॅकार्टनी याने ती त्याच्याकडून विकत घेतली, आणि घेतल्यावर पहिले काम केले ते हे की, तिच्यावरून पन्नासेक प्रती काढून आप्तमित्रांना वाटल्या. १९९५ साली ती गाणी सर्व जगासाठी प्रकाशित झाली. मूळ तबकडी आजही एकच आहे, तिचे मोल करणे अवघड आहे, आणि तिच्यातील गाणे मात्र ज्याला हवे त्याचे झाले आहे. या एका कृतीत मला अपरिग्रहाचे आधुनिक रूप दिसते: वस्तू ठेवली, नाद सोडला.

आपल्याकडे हाच झगडा तबकडीच्या पूर्वीपासून चालू होता. अनवट रागांच्या चिजा उस्ताद लोक परक्याला देत नसत. शिष्यालाही वर्षानुवर्षे सेवा केल्यावर, आणि तरीही काही राखून, देत. आज त्यांना कृपण म्हणणे सोपे आहे, पण ते अन्याय्य होईल. संस्थानिकांच्या मर्जीवर ज्याचे अन्न अवलंबून, ज्याला ना जमीन ना पेन्शन, त्याची चीज हेच त्याचे वतन होते. ते त्याने दुसऱ्याच्या नावे करून दिले असते तर त्याच्या मुलांनी खावे काय? तरीही पंडित भातखंडे यांनी वकिली बाजूला सारून देशभर हिंडून, विनवण्या करून, गंडा बांधून, प्रसंगी अपमान सोसून त्या चिजा मिळविल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’त स्वरलिपीसह छापून टाकल्या, तेव्हा ज्यांनी त्यांना दोष दिला त्यांच्याच नातवांनी पुढे त्या पुस्तकांतून आपल्या घराण्याच्या चिजा ताडून पाहिल्या असतील. राखणाऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या राखले म्हणून वाटणाऱ्याला वाटता आले, हे जितके खरे, तितकेच हेही खरे की, ज्यांनी अखेरपर्यंत राखले आणि कोणास दिले नाही त्यांची विद्या त्यांच्याबरोबर गेली. आवाजाचेही तसेच. गायक भास्करबुवा बखले १९२२ साली वारले. त्यांच्या गाण्याची एकही तबकडी बाजारात नाही, आणि कोणत्याही रकमेला ती मिळणार नाही.

विक्रेत्याचा धर्म हा वेगळा आणि मला वाटते अधिक बिकट विषय आहे. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या गर्विष्ठ तपस्व्याला धर्म शिकण्यासाठी काशीच्या तुलाधार नावाच्या वाण्याकडे जावे लागते; ज्याची तराजू सर्व भूतांविषयी सम आहे तो दुकानात बसूनही तपस्व्याहून थोर ठरतो. व्यापार हा सरसकट धर्माच्या आड येतो असे आपल्या परंपरेने मानलेले नाही. तिने मागितली आहे ती समता. पण जुन्या तबकड्यांच्या व्यवहारात तराजूच एका बाजूच्या हाती असते. प्रत किती झिजली आहे याचा निर्वाळा विकणाराच देतो. पाश्चात्त्य बाजारात त्यासाठी ठरलेल्या श्रेणी आहेत, आणि तेथे ‘चांगली’ म्हणून जिची नोंद होते ती प्रत वस्तुतः बरीच खराब असते, हे जाणत्याला कळते, नवख्याला कळत नाही. त्याहून कठीण प्रसंग घेणारा जाणता आणि देणारा अजाण असतो तेव्हाचा. पुण्यात एका वयस्क विक्रेत्याच्या दुकानात मी बसलो असताना एक वृद्ध बाई कापडी पिशवीत यजमानांच्या तबकड्या घेऊन आल्या. त्याने सगळ्या उलगडून पाहिल्या, एक बाजूला काढली आणि म्हणाला, “आजी, बाकीच्या मी घेतो. पण ही तुम्ही आधी घरच्यांना दाखवा. हिची किंमत मला ठाऊक आहे, ती तुम्हालाही ठाऊक असायला हवी.” आणि त्याने ती किंमत सांगितली. बाई म्हणाल्या, “अरे बाबा, मला कपाटात जागा हवी आहे, दुसरं काही नको.” तरीही त्याने त्या दिवशी ती घेतली नाही. ज्ञान हे त्याने भांडवल म्हणून वापरले असते तर कायद्याने त्याला कोणीही हटकले नसते, आणि श्रमाने मिळविलेल्या ज्ञानाचा मोबदला घेण्यात गैर तरी काय, असा प्रश्न कोणी विचारील. मोबदला त्याने जरूर घ्यावा. पण समोरच्याच्या अज्ञानातून घेतलेला मोबदला ज्ञानाचा नसतो, अज्ञानाचा असतो, आणि अज्ञान हे विकणाऱ्या बाईंचे होते, त्याचे नव्हे.

प्रचलित कायदाही या बाबतीत शास्त्राच्या फार दूर नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो आणि मग ते मुद्रण सर्वांचे होते. म्हणजे १९३० सालच्या तबकडीवर तिच्या धारकाचा ताबा आहे, चकतीवर मालकी आहे, पण तिच्यातल्या गाण्याच्या वहिवाटीपासून इतरांना रोखण्याचा अधिकार त्याला तबकडीने मिळत नाही. तो ते रोखू शकतो केवळ कपाटाला कुलूप लावून. ते गाणे त्याच्याजवळ आहे ते अमानत म्हणून, आणि अमानतीच्या वस्तूची राखण केल्याबद्दल मेहनताना घेणे रास्त असले, तरी ठेव मागणाऱ्याला ती नाकारणे कोणत्याच धर्मात बसत नाही.

ठेव मागणाऱ्याला ती मिळाल्याचा हा एक दाखला. गोव्यातील केरीच्या गायिका केसरबाई केरकर या ध्वनिमुद्रणाविषयी किती चोखंदळ होत्या हे सर्वश्रुत आहे. त्यांचे गुरू अल्लादियाखाँसाहेब यांचा आवाज आपल्याला ऐकावयास मिळत नाही. मिळतो तो केसरबाईंच्या गळ्यातून झिरपलेला. १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ ही दोन याने अवकाशात सोडली, त्यांवर पृथ्वीवरील संगीताची सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसविताना भारतातून निवड झाली ती केसरबाईंच्या ‘जात कहाँ हो’ या भैरवीची, आणि ती सुचविली संगीताभ्यासक रॉबर्ट ब्राऊन यांनी. तबकडी बाजारातून केव्हाच नाहीशी झालेली होती. शोधता शोधता न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, खोक्यात पडलेल्या तिच्या प्रती हाती लागल्या. त्या दुकानदाराने त्या वेळी दुर्मिळतेचा भाव लावला असता तर? त्याने लावला नाही, किंवा त्याला तो ठाऊक नव्हता. प्रत सामान्य वस्तूप्रमाणे विकली गेली. केसरबाई त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वारल्या. पाठविणाऱ्यांनी दोन्ही यानांवर तीच तबकडी ठेवली; एकीचे काही झाले तरी दुसरी आहे.

जुन्या ध्वनिमुद्रणांचा जीर्णोद्धार करणाऱ्या तंत्रज्ञांच्या कामाविषयी येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण संग्राहकांच्या मनातील स्पर्धेवर याहून मोठे औषध मला माहीत नाही. लाखेच्या दोन प्रती कधी एकाच ठिकाणी झिजत नाहीत. एकीचा आरंभ खरवडलेला असतो, कारण तिच्या मालकाला सुई जोराने टेकविण्याची खोड होती. दुसरीत समेच्या अलीकडे तडा असतो. तिसरीची बाहेरची कड उन्हाने वाकलेली असते. तंत्रज्ञ या प्रती एकामागून एक वाजवून घेतो, त्यांची गती आणि स्वर जुळवितो, आणि जिथे एक बोलत नाही तिथे दुसरीतले चार क्षण आणून बसवितो. अशा रीतीने आलाप आरंभापासून अखेरपर्यंत सलग ऐकू येतो, जसा तो मुद्रणाच्या वेळी गायला गेला तसा. एकमेव प्रतीच्या मालकाला हे कधीच साधत नाही. त्याच्या तबकडीतील ज्या जागी आवाज तुटतो त्या जागी तो कायमचाच तुटतो. म्हणून कानपूरची प्रत आणि कराचीची प्रत यांच्या मालकांनी एकमेकांना पत्र लिहावे, भाव विचारण्यासाठी नव्हे, कुठे कुठे खरवडले आहे ते विचारण्यासाठी.